क्लिक थ्री, व्हीएचएस आणि डिजिकॅम : जुन्या चित्रांतलं नेमकं काय आवडतं?

उंबरठा

कॉलेजातली मुलं सध्या आईबाबांच्या कपाटातून २००५च्या आसपासचे डिजिटल कॅमेरे (डिजिकॅम) शोधून काढताहेत. फोनच्या फोटोंवर फिल्मचा दाणा, म्हणजे तो बारीक खरखरीतपणा चढवताहेत, लग्नाच्या व्हिडिओला मुद्दाम जुन्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटच्या रेघा देताहेत. यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक, हे सगळं स्मरणरंजन आहे. दोन, ही नुसती फॅशन आहे. मला दोन्ही पटत नाहीत. ज्यांनी आयुष्यात कधी रोल भरला नाही त्यांना कसलं स्मरण होणार? आणि फॅशन म्हणावी, तर ती नेमकी याच गोष्टीची का, हे कोडं तसंच राहतं.

माझं म्हणणं असं आहे की कमी दर्जाच्या या चित्रांची ओढ दाण्यामुळे किंवा धूसरपणामुळे कमी आहे. त्या कॅमेऱ्याने माणसांना जे करायला लावलं, ते फोटोत उतरलंय आणि आपल्याला ते ओढून घेतं.

ॲग्फा क्लिक थ्रीचं उदाहरण घेऊ. बडोद्याची न्यू इंडिया इंडस्ट्रीज हा कॅमेरा बनवायची आणि साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी मध्यमवर्गीय घरांतला हाच पहिला कॅमेरा. १२० नंबरचा रोल, त्यावर १२ चौकोनी फोटो. भिंग साधं, फोकस ठरलेला, शटरचा वेग एकच. आपण निवडायचं ते एवढंच, की ऊन आहे की ढग. फ्लॅश वेगळा घ्यावा लागे आणि बहुतेक घरांत तो नसेच.

आता याचा परिणाम बघा. घरात उजेड पुरत नाही म्हणून सगळ्यांना अंगणात किंवा गच्चीवर यावं लागे. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, म्हणून समोरच्यांचे डोळे बारीक झालेले. फार जवळ गेलं तर चेहरा पुसट येतो, म्हणून चार पावलं मागे सरायचं. मग माणूस डोक्यापासून चपलांपर्यंत पूर्ण येतो आणि त्याच्याबरोबर पायरी, तुळशीवृंदावन, दाराला टेकवलेली सायकल हेही येतं. बाराच फोटो आहेत म्हणून एकेकट्याचे काढायचे नाहीत, शेजारच्या मुलांनाही हाक मारायची. शटर संथ, त्यामुळे ‘हलू नका रे’ असं ओरडायचं आणि तरी एखादं पोर हलायचंच.

माझ्या टेबलावर असा एक फोटो आहे. पांढऱ्या किनारीचा, तळहातात मावणारा. माझ्या काकू अंगणात उभ्या आहेत, एक हात डोळ्यांवर आडवा धरलेला. चेहरा जेमतेम नखाएवढा. मागे दोरीवर एक सतरंजी वाळत घातलीय, तिच्या पट्ट्या मधोमध स्वच्छ दिसतात आणि डाव्या कडेला जाता जाता पाघळतात. पायरीवर काकांची सावली पडलीय, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, कारण कॅमेरा डोळ्याला घट्ट लावलाय. म्हणजे फोटो काढणारा माणूसही फोटोत आहे. काकूंच्या नाकीडोळ्यांचा तपशील या फोटोत नाही म्हटलं तरी चालेल, पण त्या सकाळी घर कसं होतं, ऊन कुठून येत होतं आणि दोघांच्यात किती अंतर होतं, हे सगळं आहे. माझ्या फोनमध्ये माझ्या बायकोचे शेकडो फोटो आहेत, सगळे स्पष्ट. त्यातल्या फार थोड्यांत आमचं घर दिसतं.

फिल्टर दाणा देईल, कडा काळवंडून देईल. पण तो कुणाला अंगणात बोलावत नाही. म्हणून फिल्टर लावलेले फोटो मला पाहता क्षणी आवडतात आणि पुन्हा पाहावेसे वाटत नाहीत.

तुम्हाला काय वाटतं? तुमच्याकडचे जुने फोटो, कॅसेटी, जत्रेतले स्टुडिओ, काहीही असेल तर सांगा. आणि माझं म्हणणं जिथे तोकडं पडतंय असं वाटेल तिथे जरूर अडवा.

---

निळावंती

धागा फार आवडला, वाचनखूण साठवली आहे. एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे, इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. आमच्या पणजीच्या फोटोत कपाळावर ठसठशीत काळा टिळा आहे. आम्ही मुलं समजायचो की ती वारकरी म्हणून बुक्का लावलाय. आजी म्हणायची, छे, ते कुंकूच आहे, तिचे यजमान होते की तेव्हा. मग ते इतकं काळंकुळकुळीत कसं? बाकी फोटोत राखाडीच्या कितीतरी छटा आहेत.

---

अंधारखोली

निळावंतीताई, तुमची आजी बरोबर सांगत होती. ते कुंकूच.

पूर्वीची पुष्कळशी फिल्म आणि काचेच्या प्लेट्स ऑर्थोक्रोमॅटिक असत. त्यांना निळा आणि हिरवा उजेड कळतो, लाल कळत नाही. लाल वस्तूवरून आलेला उजेड फिल्मवर काही उमटवतच नाही, म्हणून प्रिंटमध्ये तिथे काळं. कुंकू काळं, विड्याने रंगलेले ओठ काळे, लाल लुगडं जवळजवळ काळं. उलट निळं आभाळ पांढरंफटक, ढग दिसायचेच नाहीत. सिनेमात १९२०च्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, पण स्टुडिओवाल्यांनी ऑर्थो बराच काळ सोडली नाही. कारण सरळ आहे. लाल दिव्यात ती डोळ्यांसमोर धुता येते, चित्र किती उठलंय ते बघून ट्रेमधून काढता येते. पॅनक्रोमॅटिकला पूर्ण अंधार लागतो, सगळं घड्याळावर आणि अंदाजावर.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्टुडिओत काम शिकलो आणि पुढे स्वतःचा चालवला. उंबरठा यांचं म्हणणं मला मनापासून पटलं. त्यात आमच्या बाजूची एक गोष्ट घालतो.

जुने कृष्णधवल फोटो पिवळे, तपकिरी पडतात ना, त्याला लोक वयाचा परिणाम समजतात. खरं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. प्रिंट डेव्हलपरमधून, म्हणजे चित्र उठवणाऱ्या द्रावणातून निघाली की हायपो नावाच्या द्रावणात जाते. हायपो न वापरली गेलेली चांदीची संयुगं काढून टाकतो, म्हणून चित्र टिकतं. पण मग तो हायपोही कागदातून पूर्ण धुऊन काढावा लागतो, आणि त्याला वाहतं पाणी लागतं, बराच वेळ. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत प्यायला पाणी नसायचं, तिथे फोटोला कुठून? लग्नसराई नेमकी तेव्हाच. दोन बादल्यांत प्रिंटा बुचकळायच्या आणि वाळत घालायच्या. कागदात राहिलेला हायपो हळूहळू चित्रातल्या चांदीवर काम करतो आणि तिची सिल्व्हर सल्फाइड होते, पिवळट-तपकिरी. उन्हाळ्यात धुतलेले फोटो आणि श्रावणात धुतलेले फोटो आजही शेजारी ठेवून मी वेगळे ओळखू शकतो.

गंमत अशी की हौसेने करतात त्या सेपिया टोनिंगमध्येही चांदीची सल्फाइडच करतात, फक्त ती जाणूनबुजून आणि एकसारखी. रसायन तेच. फोनमधला सेपिया फिल्टर त्या रंगाची नक्कल करतो. आमच्या गावच्या लग्नांच्या फोटोंवर जो रंग आहे तो दुष्काळाचा आहे.

आणखी एक. क्लिक थ्रीचा फोटो ‘कमी दर्जाचा’ म्हणताना थोडं थांबा. तळहाताएवढी ती प्रिंट बहुधा कॉन्टॅक्ट असते, म्हणजे निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच मापाची काढलेली. निगेटिव्ह चांगली सहा सेंटिमीटरची. घरात ती सापडली तर तिच्यावरून मोठी प्रिंट काढून बघा, मधल्या भागात अपेक्षेपेक्षा बरंच काही निघतं. कडा मात्र पुसटच राहतील. साध्या भिंगाची प्रतिमा सपाट पडत नाही, किंचित वाटीसारखी पडते, आणि फिल्म असते सपाट. म्हणून मधे नीट, कडेला सैल. ॲग्फाच्याच क्लॅक मॉडेलमध्ये यासाठी फिल्म वक्र पट्टीवरून नेलेली आहे.

---

निळावंती

काका, मनापासून धन्यवाद. आज घरी सगळ्यांना फोन करून सांगितलं. दुष्काळाचा रंग हे वाचून अल्बम पुन्हा काढला. आमचं मूळ गाव सांगोल्याकडचं, त्यामुळे बरंच काही नव्याने कळलं.

---

केतकी_व

मी त्या कॉलेजातल्या मुलांपैकी आहे, म्हणून आमच्या बाजूने लिहिते. मावशीकडे तिचा जुना कॅनन इक्सस मिळाला, आता तोच वापरते.

उंबरठा, तुमचं बरोबर आहे, पण डिजिकॅमच्या बाबतीत थोडं वेगळं घडतं. आम्ही फोटो काढून लगेच बघू शकतो. तरी बघत नाही, कारण तो पडदा इतका लहान आणि फिकट असतो की त्यावर आपला चेहरा कसा आलाय ते कळतच नाही. मग मुली पुन्हा पुन्हा काढायला सांगत नाहीत. फोटो घरी जाऊन कार्ड रीडरने लॅपटॉपवर घेतल्यावर दिसतात, तोपर्यंत तो दिवस संपलेला असतो. दिवसभर कुणी स्वतःकडे बघत बसत नाही. फोनचा कॅमेरा हातात असला की आम्ही स्वतःकडेच बघतो, हे मी अगदी खरं सांगते.

दुसरं म्हणजे अंधार. फोन एका फोटोसाठी एकामागोमाग अनेक फ्रेम घेतो आणि त्या जोडतो. सावली उजळतो, आभाळ सावरतो, चेहरा गुळगुळीत करतो. रात्रीच्या फोटोत रात्र उरत नाही. इक्ससचा फ्लॅश समोरच्या दोन-तीन मैत्रिणींवर पडतो आणि मागचं सगळं काळं. गणपतीत लक्ष्मी रोडला रात्री उभं राहिल्यावर मला तसंच दिसतं की: जवळचे चेहरे लख्ख आणि पलीकडे अंधारात दिव्यांचे ठिपके. तो फोटो मला जास्त खरा वाटतो.

सगळे म्हणतात की जुन्या कॅमेऱ्यांत सीसीडी सेन्सर (फिल्मच्या जागी उजेड टिपणारी चिप) असतो म्हणून रंग वेगळे येतात. हे खरं आहे का?

---

उंबरठा

केतकी, तुझा मुद्दा माझ्या लेखातून निसटला होता, फार महत्त्वाचा आहे. पडदा लहान म्हणून माणसं मोकळी, हे अगदी पटलं.

सीसीडीबद्दल: १९६९मध्ये बेल लॅब्समध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी तो शोधला, पुढे २००९मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि २०००च्या दशकातल्या छोट्या कॅमेऱ्यांत तोच असायचा. पण रंग मुख्यतः ठरतात ते सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांनी आणि कंपनीने कॅमेऱ्यात भरलेल्या प्रक्रियेने. सीसीडीची स्वतःची म्हणावी अशी खूण वेगळी आहे. त्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ घेताना चौकटीत प्रखर दिवा आला की त्याच्यातून वर-खाली एक उभी, जांभळट रेघ निघते. दिव्याच्या उजेडाने साठलेला विजेचा प्रभार सेन्सरवरून रकान्या-रकान्याने बाहेर नेताना वाटेत सांडतो, त्याची ती रेघ. तुझ्याकडे विसर्जनाचे व्हिडिओ असतील तर हॅलोजनपाशी बघ, नक्की सापडेल.

---

सावळी

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही.

माझी आई काळी. आमच्या घरातल्या प्रत्येक जुन्या रंगीत गटफोटोत तिचा चेहरा म्हणजे एक गडद ठिपका आहे. दात दिसतात, डोळ्यांचं पांढरं दिसतं, नाकाची कड दिसत नाही. शेजारी गोऱ्या आत्या सुबक उमटल्यात. आई अल्बम बघायला बसत नसे. ‘त्यात मी कुठे आहे?’ म्हणायची. जुन्या कॅमेऱ्याची मजा, उबदारपणा वगैरे शब्द वाचले की मला हे आठवतं.

याची कारणं मी नंतर शोधून वाचली. कोडॅक रंग जुळवायला प्रयोगशाळांना नमुन्याचा फोटो पाठवायची, त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. तिची कांती नीट आली की मशीन बरोबर लागलं. त्यात प्रिंट काढणारी यंत्रं सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड मोजत. मागे चुन्याची पांढरी भिंत, अंगावर पांढरे कपडे असले की यंत्र समजे, फोटो फार उजळ आहे, आणि सगळंच गडद करून टाके. भिंत बरोबर येई, माझी आई बुडे.

फोन चेहरा उजळून गोरा करतो, तेही मला नको. पण आज चांगल्या फोनवर आईचा फोटो काढते तेव्हा तिच्या गालावरचं गोंदण दिसतं. ते मी जुन्या एकाही फोटोत पाहिलेलं नाही. कमी दिसण्यातलं सौंदर्य सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलेलं नाही, एवढं या धाग्यावर नोंदलेलं असावं.

---

उंबरठा

सावळीताई, हे लिहिलंत यासाठी मनापासून आभार. माझ्या म्हणण्याला ही फार मोठी मर्यादा आहे. कॅमेऱ्याने माणसांना काय करायला लावलं याबरोबर त्याने कुणाला वगळलं, हेही त्याच यंत्राचं काम आहे. ते वगळून जुन्या फोटोंबद्दल बोलणं अपुरं राहील.

आईंच्या त्या फोटोंच्या निगेटिव्ह आहेत का? तुम्ही सांगताय त्याप्रमाणे प्रिंट गडद झाली असेल, तर निगेटिव्हमध्ये चेहऱ्याचा तपशील पुष्कळदा शिल्लक असतो. अंधारखोलीकाका अधिक सांगतील.

---

अंधारखोली

ताईंचं शब्दन् शब्द खरं आहे. कृष्णधवलमध्ये ऑर्थो फिल्म तर सावळा चेहरा आणखीच गडद करायची. मग आम्ही टोकदार पेन्सिलने निगेटिव्हवर गालाची, कपाळाची जागा भरायचो, की प्रिंटमध्ये ती उजळ यावी. गिऱ्हाईकाने न सांगता करायचो. तेव्हा त्याला रिटचिंगची कला म्हणत आणि मला तिचा अभिमान होता. आता त्या फोटोंत बघतो तर गावातली सगळी मुलं एकाच रंगाची दिसतात.

निगेटिव्ह असतील तर जरूर काढा. पाठीमागून सपाट पांढरा उजेड देऊन चांगल्या कॅमेऱ्याने टिपा आणि फक्त चेहऱ्याच्या हिशोबाने उजेड ठरवा. भिंत पांढरीफटक झाली तरी होऊ द्या. गोंदण त्यात असण्याची बरीच शक्यता आहे.

---

टेपवाला

व्हीएचएसवर कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. लग्नाच्या कॅसेटी डिजिटल करून देण्याचं काम करतो. गिऱ्हाईकं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जास्त, त्यामुळे बुरशीशी रोजची गाठ. (अवांतर: कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड घाण होतं आणि पुढच्या कॅसेटींनाही लागण होते.)

उंबरठा यांनी फिल्मबद्दल जे मांडलं त्याच्या अगदी उलट गोष्ट टेपने केली. फिल्म महाग, बारा फोटो, म्हणून माणसं सावरून उभी. टेप तीन तासांची, वर पुसून पुन्हा वापरता येणारी. म्हणून व्हिडिओवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन नुसता चालत राही. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, न थांबता. मीठ-लिंबापासून जिलबीपर्यंत सगळं ताट. वाढपी, उष्टी पानं उचलणारी माणसं, भटारखान्यात चुलाणापाशी घाम पुसणाऱ्या बायका, कोपऱ्यात झोपलेलं मूल. हॅलोजन तोंडावर आला की माणसं आधी गोंधळतात, मग घास हातात धरून तशीच थांबतात, मग हसतात. हे थांबणं आणि हसणं मला प्रत्येक कॅसेटमध्ये भेटतं. आताच्या लग्नाच्या फिल्ममध्ये दोन सेकंदांवर दृश्य बदलतं, त्यात ते मावणार नाही.

रंगाचं म्हणाल तर व्हीएचएस उजेडाचा तपशील साधारण २४० रेघांपर्यंत ठेवते आणि रंगाचा त्याहून कितीतरी कमी. म्हणून नवरीचा लाल शालू आपल्या कडा सोडून शेजारच्या करवलीवर सांडतो. ऐंशीच्या दशकातले नळीवाले (सेन्सरऐवजी काचेच्या नळीने चित्र टिपणारे) कॅमेरे असतील तर दिव्याला शेपटी फुटते: कॅमेरा फिरतो आणि प्रकाश मागे रेंगाळतो.

पण जे सांगायचंय ते हे. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीची टेप सेकंदाला ५० अर्धी चित्रं दाखवते. एकदा विषम रेघा, एकदा सम. प्रत्येक अर्धं चित्र वेगळ्या क्षणाचं. त्यामुळे जुन्या टीव्हीवर हालचाल अतिशय सलग, जिवंत दिसायची. समोर खिडकी उघडी असावी आणि पलीकडे लग्न चालू असावं, इतकी. कॅसेट डिजिटल करणारे बरेच जण दोन अर्धी चित्रं एकत्र करून सेकंदाला २५ करतात. अर्धी हालचाल तिथेच गेली. वर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दाते येतात आणि लोक म्हणतात, व्हीएचएस असंच असतं. ते तसं नसतं. काम देताना सांगा की सेकंदाला ५० चित्रं ठेवूनच द्या. फरक बघून लोक माझ्यासमोर रडले आहेत, कारण गेलेलं माणूस चालताना ओळखू येतं.

आवाजाचं दुःख मात्र आहे. ‘मिक्सिंग’ करताना त्या काळी बहुतेकांनी मूळ आवाज पुसून त्यावर सिनेमाची गाणी चढवली. मंगलाष्टकं गेली, विहिणींच्या हाका गेल्या. माझ्या स्वतःच्या घरच्या कॅसेटचंही तेच झालंय. आजोबा माझ्या आईशी काहीतरी बोलताना दिसतात आणि वर गाणं वाजतंय. तुमच्या व्हिडिओवाल्याकडे मिक्सिंगच्या आधीची मूळ टेप अजून असेल, तर आजच्या आज मागा.

---

उत्तरवारा

टेपवाला, सुंदर प्रतिसाद. बर्लिनहून वाचतोय. इकडच्या दुकानांत होल्गा, लोमो हे कॅमेरे चांगल्या किमतीला विकले जातात, तर त्यांची कुळकथा थोडक्यात. होल्गा १९८२ साली हाँगकाँगमध्ये निघाला, चीनमधल्या सामान्य घरांसाठी, तिथे मिळणाऱ्या स्वस्त १२० रोलवर चालावा म्हणून. प्लास्टिकचं भिंग, सांध्यांतून आत येणारा उजेड. लोमो लेनिनग्राडचा, १९८४चा. १९९२मध्ये व्हिएन्नात त्याच्या चाहत्यांनी संस्था काढली आणि कडा काळवंडलेले भडक फोटो जगभर गेले. होल्गावाले भोकं बुजवायला काळी चिकटपट्टी लावतात, काही मुद्दाम लावत नाहीत.

मला स्वतःला कोडाक्रोमची, म्हणजे कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मची हुरहूर जास्त आहे. १९३५ ते २००९, आणि २०१०च्या अखेरीस ती धुणारी शेवटची प्रयोगशाळाही थांबली, अमेरिकेत कॅन्ससमध्ये. तयार झालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरीने वापरला आणि त्यातल्या ३६ चौकटींपैकी काही मुंबईत आणि राजस्थानात टिपल्या. तिला कमी दर्जाची कुणी म्हणणार नाही, पण सावल्या ती जवळजवळ काळ्याच सोडून देई. केतकी म्हणते तो अंधार.

---

कलाभवन

सहमत आहे, पण एक भेद करायला हवा असं कळकळीने वाटतं. कॅमेऱ्याची मर्यादा वेगळी आणि झीज वेगळी. दोन्ही एकाच ‘जुनेपणा’च्या नावाखाली आवडून घेतल्या, तर नुकसान होतं.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा, १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. आपल्यातल्या बहुतेकांनी तो आषाढी एकादशीला टीव्हीवर पाहिला, धुरकट, ओरखडलेला, घोगऱ्या आवाजाचा. ते पाहून त्याचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांच्या काळात चित्रच तसं यायचं असा समज झाला. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटच्या पट्टीची होती, आणि चांगल्या नायट्रेट प्रतीतली चांदी पडद्यावर लखलखायची. आपण पाहिलं ते प्रतीच्या प्रतीची प्रत, आणि प्रत्येक पायरीला दाणा वाढलेला, करडे रंग गेलेले. त्यात नायट्रेट ज्वालाग्राही. २००३च्या जानेवारीत पुण्यात साठ्याला आग लागून अनेक जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट प्रती गेल्या, त्यांचं मूळ रूप आता कुणालाच दिसणार नाही.

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला आणि त्यावर १९२०चा ‘सैरंध्री’ काढला. त्यांच्याकडे कमी साधनं होती, पण होता तो प्रत्येक बारकावा पडद्यावर यावा म्हणून ते झटले. त्यांच्या चित्रावर नंतर पडलेल्या ओरखड्यांना शैली समजणं मला अन्यायाचं वाटतं. काकूंच्या फोटोतली पाघळलेली सतरंजी भिंगाने दिली, ती त्या फोटोची आहे. वाळवीने खाल्लेला कोपरा नव्हे.

---

उंबरठा

कलाभवन, भेद मान्य. शेवटच्या दोन वाक्यांत तुम्ही माझा मुद्दा माझ्यापेक्षा नेमका मांडलात. अंधारखोलीकाकांचा पिवळा रंग मात्र दोन्हीच्या मधे बसतो असं मला वाटतं. तो झिजेने आला, पण झीज फोटो धुतला त्या दिवशीच सुरू झाली होती, आणि तिचं कारण त्या गावाच्या उन्हाळ्यात होतं. तो मी पुसून टाकणार नाही. संत तुकारामवरचे ओरखडे पुसता येत असतील तर आजच पुसावेत.

---

केतकी_व

एक व्यावहारिक प्रश्न. आजोबांचा क्लिक थ्री मिळालाय, चामड्याच्या पिशवीसकट. शटर ‘खट्’ असा आवाज करतं. यात आता रोल मिळतो का? कुठला घेऊ? आणि मागे लाल काचेची छोटी खिडकी आहे ती कशाला?

---

अंधारखोली

केतकी, १२० नंबरचा रोल कोडॅकने १९०१मध्ये काढला आणि तो आजही बनतो, त्यामुळे काळजी नको. पूर्वी आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ मिळायचा, तो आता गेला. परदेशी रोल मिळतील, महाग आहेत. कृष्णधवल, १०० स्पीडचा घे (आकडा जितका मोठा तितका रोल उजेडाला जास्त संवेदनशील). दुकानदार ४०० देईल, तो नको. या कॅमेऱ्याचं शटर संथ आहे आणि बदलता येत नाही, उन्हात ४०० जळून जाईल. १००ला थोडा उजेड जास्त पडला तरी कृष्णधवल निगेटिव्ह सांभाळून घेते.

लाल खिडकीतून रोलच्या मागच्या कागदावरचा आकडा दिसतो. ऑर्थो फिल्मला लाल उजेड कळत नसे, म्हणून काच लाल ठेवली. आजच्या फिल्मला लाल कळतो. मागचा कागद बराचसा अडवतो, तरी खिडकीवर काळी चिकटपट्टी लाव आणि रोल सरकवताना सावलीत जाऊन तेवढ्यापुरती उचल. प्रत्येक फोटोनंतर लगेच सरकव, नाहीतर एकावर एक दोन फोटो येतील.

रोल भरण्याआधी मागचं झाकण उघडून, उजेडाकडे धरून शटर दाबून बघ. पातं पूर्ण उघडून परत मिटतं का, ते दिसेल. भिंग मऊ सुती कपड्याने पूस, पाणी लावू नकोस. माणसं चार पावलांच्या आत आणू नकोस.

धुवायला कुठे द्यायचा ते व्यक्तिगत निरोपात कळवलं आहे. पुण्यात दोन जण अजून हाताने करतात. निगेटिव्ह परत मागून घे, नुसत्या स्कॅनवर समाधान मानू नकोस. आणि फोटो आले की याच धाग्यावर टाक, आजोबांचा एक तरी हवा.